केसाएवढं

कर्क्सव्हिलमध्ये पहिल्याच आठवड्यात
त्यांनी आम्हाला एकेक केस दिला.
टेबलावर ठेवा. वर कागद ठेवा.
डोळे मिटा, बोटांनी शोधा.
सापडला? आता दोन कागद. आता पाच.
शेजारची पोरं बोटं रेटत होती
नखं पांढरी होईपर्यंत,
आणि जितकं रेटावं तितका केस नाहीसा.
मी अकराव्या कागदापर्यंत गेले.
सरांनी विचारलं, हे कुठं शिकलीस?

मिरजेत, सर.
आमच्या दुकानात, भोपळ्यांच्या उतरंडीखाली,
अब्बा तंबोऱ्याच्या घोडीवर
तारेखाली सुताचा दोरा सरकवायचे,
कणभर पुढे, कणभर मागे,
आणि मुकी तार एकदम
भुंगा होऊन उठायची.
मी घाईनं दोरा ओढला की टपली बसायची,
"जोर करणाऱ्याला जवारी लागत नाही."
हे सगळं इंग्रजीत कुठून आणणार?
म्हटलं, घरीच.

आज डेल ओकर्सन आला होता.
चौतीस वर्षं डुकरांचे ट्रक हाकून
मान अशी, की मागं बघायचं
तर अख्खा माणूस वळतो.
"मोडायची तर मोडून टाका एकदाची,"
म्हणाला, आणि कडकन आवाजाची वाट बघत
दात आवळून पडून राहिला.
मी कसलाच आवाज काढला नाही.
मानेच्या बुडाशी, उजवीकडे, एक वाटाणा.
बोट टेकलं की बूट हलायचे.
बोट तिथंच ठेवून दुसऱ्या हातावर
त्याचं डोकं घेतलं, जरा कलतं, जरा मागं,
दुखणं जिकडं ओढत होतं तिकडंच.
रुसून कोपऱ्यात बसलेल्या पोराला
आपण ओढून आणत नाही,
जाऊन शेजारी बसतो.
मग नव्वद सेकंद.
बाहेरून बर्फ ढकलणारी गाडी गेली,
खिडकीची काच थरथरून थांबली.
पंचावन्नाव्याला त्यानं विचारलं,
"बोट काढलंत का?"
बोट तिथंच होतं.
वाटाणा नव्हता.

सावकाश, फार सावकाश डोकं जागेवर आणलं.
खरं कसब तिथं असतं, घाई केली
की स्नायू दचकतो, सगळं मुसळ केरात.
तो उठला. "तुम्ही काही केलंच नाही की!"
बिलाकडं बघून पुन्हा म्हणाला तेच.
पण दारापाशी एकदा मागं वळला,
फक्त मानेनं.
मग टोपी विसरल्याचं निमित्त करून
आणखी एकदा.

रात्री नऊला यासीनचा फोन.
मिरजेत सकाळ झालेली. अब्बा रात्रभर जागे,
डोकं ठणकतंय, डॉक्टर नको म्हणतात,
तुझं ते हाताचं काहीतरी सांग.
मी सांगितलं. उशाशी बस.
दोन्ही तळवे मानेखाली घाल, उताणे.
बोटांची टोकं कवटी संपते तिथं.
आता दाबू नकोस.
"दाबत नाहीये."
दाबतोयस, यासीन, तुझ्या श्वासावरून कळतंय.
वजन त्यांचं त्यांना टाकू दे.
"काही होत नाहीये, आपा."
होऊ नये. थांब.
फोन उशीवर कुठंतरी कलंडलेला,
पडद्यावर छताचा पंखा,
त्याच्या पात्यावरची धूळसुद्धा ओळखीची.
मी टेबलावर कोपरं टेकून बसले होते,
तळवे उताणे, बोटं किंचित वर.
कधी तशी बसले, आठवत नाही.
पंख्याखालून आधी एक उसासा आला.
मग लाकडावर कानस फिरावी तसं काहीतरी,
थांबत, पुन्हा सुरू होत.
घोरत होते अब्बा.

बऱ्याच वेळानं यासीन कुजबुजला,
"आता हात कसे काढू?"

कसे काढायचे, हे मला शिकवलंय.
परीक्षेलाही आलं होतं.
मी म्हटलं, राहू दे.
दुकान उशिरा उघड.